पुणे ते मालवण, किनाऱ्याकिनाऱ्याने: स्वतः मोटारसायकल चालवणाऱ्या स्त्रियांसाठी पहिल्या लांबच्या सफरीची तयारी

पहिल्या लांबच्या सफरीत ज्या मैत्रिणींची फजिती होते, त्यांतल्या बहुतेकींची चूक गाडी चालवण्यात नसते, तयारीच्या क्रमात असते. आधी तारखा ठरतात, मग खोल्या आरक्षित होतात, मग जॅकेटची खरेदी होते आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी गाडी सर्व्हिसिंगला जाते. सामान लादलेली गाडी कशी वळते, हे त्यांना पहिल्यांदा ताम्हिणी घाटात कळते. खरा क्रम याच्या बरोबर उलटा आहे. आधी गाडी आपल्या अंगाला बसवावी, मग कागद पाहावेत, मग सामान लादून सराव करावा आणि मार्ग व मुक्काम सर्वांत शेवटी ठरवावेत.

उदाहरणासाठी पुण्याहून निघून कोकण किनाऱ्याने मालवणला जाणारी आणि कोल्हापूरमार्गे परतणारी सहा दिवसांची सफर घेतली आहे. गाडी साधारण ३५० सीसीची, काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि चालक शहरात रोज गाडी चालवणारी, पण मुक्कामाच्या सफरीला पहिल्यांदाच निघणारी, असे गृहीत धरले आहे.

टप्पा १: गाडी अंगाला बसवणे (सहा आठवडे आधी)

दुकानात गाडीवर बसून दोन्ही टाचा टेकतात का, एवढेच पाहण्याची पद्धत आहे. तेवढ्याने काही कळत नाही. रॉयल एनफिल्डच्या गाड्यांत सीटची उंची क्लासिक ३५० ची ८०५ मिलिमीटर, हंटर ३५० ची ७९० आणि मीटिअर ३५० ची ७६५ आहे. पण रुंद सीट मांड्या बाहेर ढकलते, म्हणून कागदावर कमी उंचीची गाडीही पायाला उंच लागू शकते. दोन्ही पाय पूर्ण टेकण्याची गरजही नसते. थांबताना किंचित डावीकडे सरकून डावा पाय पूर्ण टेकवावा आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवावा. ही सवय लागली, की पाच फुटांच्या चालकालाही १९५ किलोची गाडी सांभाळता येते.

उंची कमी करायचीच असेल, तर आधी जाड तळाचे, घोट्यावर येणारे बूट घालून पाहावेत. एक-दीड सेंटिमीटर तिथेच मिळते. सीटचा फोम कापून घेणे हा दुसरा उपाय आहे, पण कारागीर उत्साहाने जास्त कापतो आणि मग साठ-सत्तर किलोमीटरनंतर माकडहाड थेट पत्र्यावर बसल्यासारखे दुखू लागते. फोम थोडा थोडा कापून घ्यावा आणि प्रत्येक वेळी दोन तास चालवून पाहावे.

इशारा: मागचे सस्पेन्शन बदलून गाडी खाली घेतली, तर साइड स्टँडही तेवढाच आखूड करून घ्यावा लागतो. नाहीतर उभी केलेली गाडी जवळजवळ सरळ राहते आणि वाऱ्याच्या झोताने किंवा बॅग काढताना लागलेल्या धक्क्याने उजवीकडे कलंडते.

त्यानंतर हात. क्लचचा लिव्हर बोटांच्या दुसऱ्या पेरात यायला हवा. तो फक्त टोकांनी ओढावा लागत असेल, तर घाटात दुपारपर्यंत मनगट सुजते. लिव्हर जवळ-दूर करण्याची सोय गाडीत असेल तर ती वापरावी. नसेल तर तसा लिव्हर बसवून घ्यावा. लिव्हरचा कोनही पाहावा. सीटवर बसून हात सरळ पुढे केल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत एक रेघ आली पाहिजे. मनगट वर मोडत असेल, तर क्लॅम्प सैल करून लिव्हर थोडा खाली फिरवावा. पाच मिनिटांचे हे काम वर्षानुवर्षे कुणी करत नाही, कारण गॅरेजवाल्याने बसवून दिलेला कोन म्हणजे कंपनीचाच नियम, असे आपण समजतो.

तपासणी: गाडी बंद ठेवून सलग पन्नास वेळा क्लच दाबावा. अंगठ्याच्या मुळाशी कळ आली, तर लिव्हर अजून बसलेला नाही.

टप्पा २: कागद

येथे एक चूक वारंवार दिसते. अनेक स्त्रियांनी स्कूटरवर परीक्षा दिलेली असते आणि त्यांच्या परवान्यावर फक्त विनागिअर दुचाकीचा वर्ग, म्हणजे एमसीडब्ल्यूओजी, असतो. त्या परवान्यावर गिअरची मोटारसायकल चालवणे बेकायदा आहे. दंड होतोच, शिवाय अपघात झाल्यास विमा कंपनीला दावा नाकारण्याचे कारण मिळते. परवान्यावर एमसीडब्ल्यूजी, म्हणजे गिअरच्या दुचाकीचा वर्ग, असल्याची खात्री करावी. नसेल, तर शिकाऊ परवाना काढून एक महिना थांबल्याशिवाय पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही, म्हणून हे काम सहा आठवडे आधीच हाती घ्यावे.

दुसरी चूक विम्याची. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा त्रयस्थ-पक्ष विमा घ्यावाच लागतो, त्यामुळे विमा चालू आहे अशी समजूत होते. मात्र स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुधा पहिल्या वर्षातच संपलेला असतो. पॉलिसीवर दोन्ही तारखा वेगवेगळ्या पाहाव्यात. आरसी, विमा, पीयूसी आणि परवाना डिजिलॉकरमध्ये चालतात, पण मोबाइलची बॅटरी संपते आणि खाडीकाठी रेंज जाते, म्हणून छापील प्रती प्लॅस्टिकच्या पाकिटात सोबत असाव्यात. त्यातच रक्तगट, घरच्या दोन माणसांचे क्रमांक आणि औषधांची ॲलर्जी लिहिलेला कागद ठेवावा.

टप्पा ३: अंगावरचे कपडे

हेल्मेट भावाचे किंवा नवऱ्याचे उसने घेऊ नये. आयएसआय चिन्ह आवश्यक आहेच, पण माप त्याहून महत्त्वाचे आहे. पट्टा बांधून मागच्या कडेला धरून हेल्मेट पुढे ओढावे. ते कपाळावरून निसटत असेल, तर मोठे आहे. केसांचा अंबाडा किंवा उंच पोनी हेल्मेटला मागून उचलून धरतो आणि माप बिघडवतो. मानेपाशी सैल वेणी घालून ती जॅकेटच्या आत सोडावी. ओढणी, स्टोल, लोंबणारी नाडी, यांपैकी काहीही चेन आणि चाकाच्या जवळ नसावे.

जॅकेट आणि पँट वेगवेगळी असावी. अंगभर एकच सूट घेतला, तर प्रत्येक वेळी स्वच्छतागृहात सगळेच उतरवावे लागते, आणि मग थांबणेच नकोसे होते. पुरुषांच्या मापाची पँट कमरेला सैल आणि नितंबांवर घट्ट होते, त्यामुळे बसल्यावर गुडघ्याचे संरक्षक वर सरकतात आणि नेमक्या जागी राहत नाहीत. दुकानात उभ्याने नव्हे, गाडीवर बसून पँट तपासावी. आतले कपडे सुती, जाड शिवण नसलेले घ्यावेत. शिवणीचा त्रास शंभर किलोमीटरपर्यंत जाणवत नाही आणि त्यानंतर दुसरे काहीच जाणवत नाही.

टप्पा ४: सर्व्हिसिंग, निघण्याच्या किमान आठवडाभर आधी

आदल्या दिवशी सर्व्हिसिंग केलेली गाडी ही न तपासलेली गाडी असते. माझ्या दुसऱ्याच सफरीत मी ही चूक केली. गॅरेजमध्ये चेन रिकाम्या गाडीवर नको इतकी ताणून दिली होती. सामान लादल्यावर आणि वजनाने सस्पेन्शन खाली बसल्यावर ती तारेसारखी झाली. मुळशीच्या पुढे प्रत्येक खड्ड्यात मागून घरघर ऐकू येत होती, आणि मी ती नव्या ऑइलमुळे असावी असे स्वतःला समजावत माणगावपर्यंत गेले. तिथल्या मेकॅनिकने चेनखाली बोट घालून पाहिले. ती हललीच नाही. गाडीच्या पुस्तिकेत बहुधा २५ ते ३५ मिलिमीटर ढिलाई सांगितलेली असते. आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेतून घ्यावा आणि माप स्वतः पाहावे.

सर्व्हिसिंगनंतर किमान दोनशे किलोमीटर गाडी चालवावी आणि पुढील गोष्टी स्वतः तपासाव्यात: मागच्या चाकाचा नट, ऑइल गळती, ब्रेक पॅडची जाडी, दिवे, आणि टायरच्या खाचांमधली झिजेची खूण रबराच्या बरोबरीला तर आलेली नाही ना. हवेचा दाब टायर थंड असतानाच मोजावा. पंपापर्यंत पाच किलोमीटर चालवून गेल्यावर दिसणारा आकडा जास्त असतो.

अलॉय व्हील आणि ट्यूबलेस टायर असतील, तर पंक्चरच्या पट्ट्या व छोटा पंप पुरतो. तारांची, ट्यूबवाली चाके असतील, तर त्या पट्ट्यांचा उपयोग नाही. दोन्ही मापांच्या ट्यूब सोबत घ्याव्यात. चाक स्वतःला काढता आले नाही तरी चालेल, पण गावातल्या पंक्चरवाल्याकडे आपल्या मापाची ट्यूब असेल, हे गृहीत धरू नये.

टप्पा ५: सामान लादून सराव

सहा दिवसांना बारा किलोंपेक्षा जास्त सामान लागत नाही. जड वस्तू खाली आणि पुढच्या बाजूला, म्हणजे चालकाच्या अगदी पाठीशी, ठेवाव्यात. मागच्या टोकाला जड बॅग बांधली, की पुढचे चाक हलके होते आणि चढाच्या वळणावर हँडल ऐकेनासे होते. पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याखेरीज काही नको. दोन्ही बाजूंच्या बॅगा सायलेन्सरपासून दूर आहेत आणि पट्ट्यांची मोकळी टोके गाठ मारून बांधली आहेत, हे पाहावे. मागच्या टायरचा दाब आणि शॉक ॲब्सॉर्बरचा ताण पुस्तिकेत भारासाठी दिलेल्या आकड्यावर आणावा.

आता याच सामानासह तीन सराव करावेत. पहिला शंभर किलोमीटरचा, दुसरा दोनशेचा आणि तिसरा एका मुक्कामाचा. मोकळ्या मैदानात यू-टर्न, चढावर थांबून पुन्हा निघणे आणि गाडी ढकलत मागे घेणे हे प्रत्येकी दहा वेळा करावे.

पडलेली गाडी उचलण्याचा सरावही इथेच करावा. जुनी गादी अंथरून मैत्रिणीच्या मदतीने गाडी अलगद आडवी करता येते. क्रम असा आहे:

१. इंजिन बंद करावे, पेट्रोल गळत नाही ना ते पाहावे आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये आहे याची खात्री करावी.

२. गाडी उजव्या कुशीवर पडली असेल, तर उचलण्याआधीच साइड स्टँड बाहेर काढावा. म्हणजे उचलताना ती पलीकडे गेली, तरी स्टँडवर थांबेल.

३. पुढच्या चाकाचे तोंड जमिनीकडे येईल असे हँडल पूर्ण वळवावे.

४. गाडीकडे पाठ करून, सीटच्या कडेला नितंब टेकवून उकिडवे बसावे. एका हाताने हँडलची खालची मूठ आणि दुसऱ्याने सीटमागची दांडी धरावी.

५. पाठ ताठ ठेवून, छोटी पावले मागे टाकत पायांच्या जोरावर गाडी उभी करावी.

इशारा: समोर वाकून हातांनी गाडी ओढणारी व्यक्ती, बाई असो वा पुरुष, पाठ धरून बसते. गर्भारपणात, ओटीपोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असल्यास किंवा पाठीचा त्रास असल्यास हे करूच नये.

टप्पा ६: मार्ग आणि वेळेचा हिशेब

मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर दुचाकीला परवानगी नाही. नकाशाच्या ॲपमध्ये दुचाकीचा पर्याय निवडला नाही, तर ते खुशाल तिकडे पाठवते.

किनाऱ्याच्या रस्त्यावर सरासरी वेग ताशी ३० किलोमीटर धरावा, नकाशा काहीही म्हणो. त्या हिशेबाने दिवस असे पडतात. पहिला दिवस पुणे, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर. सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. दुसरा दिवस बागमांडला ते वेसवी फेरीबोट, मग आंजर्ले, दापोली, दाभोळ, तिथून धोपाव्याला फेरीबोट आणि गुहागर. अंतर सव्वाशेच्या आत, पण दोन खाड्यांमुळे अख्खा दिवस लागतो. तिसरा दिवस तवसाळ ते जयगड फेरीबोट, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. हा मुद्दाम छोटा ठेवला आहे, कारण शरीराचा थकवा तिसऱ्या दिवशी बाहेर येतो. चौथा दिवस पावस, जैतापूर, देवगड, मालवण. पाचवा मालवण ते कोल्हापूर आणि सहावा कोल्हापूर ते पुणे. मालवणहून पुण्याला एका दिवसात परतण्याचा मोह टाळावा.

फेरीबोटीच्या वेळा भरती, हवामान आणि दुरुस्तीनुसार बदलतात. आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या घरी विचारून घ्यावे. कोकणात दुपारी चारपर्यंत मुक्कामाला पोहोचण्याचा नियम करावा. उजेडात खोली बघता येते, न पटल्यास बदलता येते, आणि रस्त्यावर येऊन बसणाऱ्या गुरांपासूनही सुटका होते. पेट्रोलची टाकी निम्मी झाली, की पुढच्या पंपावर भरावी. लहान गावांतले पंप रात्री लवकर बंद होतात.

तपासणी: प्रत्येक दिवसासाठी किलोमीटरला ३० ने भागावे, प्रत्येक फेरीबोटीला एक तास आणि दर दीड तासाला पंधरा मिनिटांची विश्रांती मिळवावी. बेरीज नऊ तासांच्या वर गेली, तर त्या दिवसाचे दोन करावेत.

टप्पा ७: पाणी, स्वच्छतागृह आणि पाळी

स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून सकाळपासून पाणी न पिणे ही या सफरीतली सर्वांत धोकादायक चूक आहे, आणि सर्वांत सार्वत्रिकही. कोकणातल्या दमट हवेत जॅकेटच्या आत घाम सतत जातो. अकराच्या सुमारास डोके जड होते, ब्रेक अर्धा सेकंद उशिरा लागतो आणि त्याचा दोष आपण उन्हाला देतो. मूत्रमार्गाचा संसर्ग दोन दिवसांनी होतो तो वेगळाच. दर थांब्याला थोडे थोडे पाणी प्यावे आणि थांबे स्वच्छतागृहांनुसार ठरवावेत: पेट्रोल पंप, मोठी खानावळ, एसटी स्थानक, आणि काहीच नसेल तर घर. हेल्मेट काढून, अंगणाच्या बाहेरूनच “काकू, जरा बाथरूम वापरू का?” असे विचारल्यावर मला आजवर नकार मिळालेला नाही, उलट परतताना कोकमाचे सरबत नाकारणे अवघड जाते. हेल्मेट डोक्यावर ठेवून मात्र कुणाच्या अंगणात शिरू नये.

पाळीच्या दिवसांत कप वापरायचा असेल, तर तो किमान दोन पाळ्या घरी वापरून झालेला असावा. पॅड वापरत असल्यास कडा घासून जखम होते, म्हणून प्रत्येक मोठ्या थांब्याला बदलावा. कागदी पिशव्या आणि हात धुण्याचा साबण बॅगेच्या वरच्या कप्प्यात असावा. पाळी पुढे ढकलणारी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

टप्पा ८: रस्त्यावर

घाटात वेग वळणाच्या आधी कमी करावा आणि गिअर आधीच खाली आणावा. वळणात शिरल्यावर पुढचा ब्रेक दाबणे आणि क्लच धरून उतरणे या दोन्ही चुका घसरण्याकडे नेतात. चढून येणाऱ्या वाहनाला वाट द्यावी. किनाऱ्यालगत दोन गोष्टी फसव्या आहेत. पहिली, जांभ्याची बारीक तांबडी माती, जी वळणाच्या बाहेरच्या कडेला साचते आणि रस्त्याच्याच रंगाची वाटते. दुसरी, मासळीच्या गाड्यांतून गळणारे पाणी; हर्णैसारख्या बंदराजवळच्या चढांवर ते रेघेने पसरलेले असते. वास आला, की वेग कमी करावा.

फेरीबोटीचा उतार हा सगळ्या मार्गातला सर्वांत कमी लांबीचा आणि सर्वांत निसरडा तुकडा आहे. जेट्टीच्या शेवटच्या काही फुटांवर ओहोटीनंतर हिरवट शेवाळ उरते आणि त्यापुढे बोटीचा ओला लोखंडी पत्रा असतो. चारचाकी आत जाईपर्यंत वरच थांबावे. मग पहिल्या गिअरमध्ये, सरळ रेषेत, डावा पाय खाली तरंगता आणि उजवा मागच्या ब्रेकवर ठेवून, फक्त तोच ब्रेक हलकेच वापरत उतरावे. पत्र्यावर हँडल वळवू नये. आत गेल्यावर इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये, साइड स्टँड खाली, आणि आपण गाडीला धरून उभे. फोटो नंतर.

उभी करण्याच्या चुका चालवण्याच्या चुकांपेक्षा जास्त होतात. कोकणातली बरीच घरे रस्त्याच्या खाली, नारळी-पोफळीच्या वाडीत असतात आणि अंगणात जायला उतार असतो. संध्याकाळी गाडी सहज खाली जाते. सकाळी तोंड भिंतीकडे असलेली ती जड गाडी चढावर मागे ओढणे एकटीला जमत नाही. आधी चालत जाऊन जागा पाहावी, आणि गाडी नेहमी तोंड रस्त्याकडे करून लावावी.

टप्पा ९: सुरक्षितता आणि अडचणीची वेळ

घरच्या एका व्यक्तीला दिवसाचा मार्ग आणि पोहोचण्याची वेळ लिहून द्यावी, आणि ठरल्या वेळेपासून दोन तासांत फोन आला नाही तर काय करायचे, तेही ठरवावे. लोकेशन शेअर करणे पुरेसे नाही. रेंज गेली, की तो ठिपका तिथेच थांबतो आणि घरचे घाबरतात. आजचा फोटो समाजमाध्यमांवर उद्या टाकावा. चहाच्या टपरीवर “एकट्याच का?” असे विचारले जाते, बहुतेकदा निव्वळ कुतूहलाने, “पुढे आमची माणसं थांबलीत” हे उत्तर सर्वांना पुरते. मुक्कामाचे गाव सांगू नये.

कुणी मागे लागल्यासारखे वाटले, तर निर्जन जागी थांबून वाट देऊ नये. पेट्रोल पंप, एसटी स्थानक किंवा पोलीस चौकी येईपर्यंत चालवत राहावे. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ उपयोगी पडतो. किनाऱ्याच्या रस्त्यावर त्याचा भरवसा धरू नये, म्हणून प्रत्येक मुक्कामाच्या घरमालकाचा क्रमांक कागदावर असावा.

गटात असाल, तर सर्वांत नवखी चालक दुसऱ्या क्रमांकावर असावी, शेवटी नव्हे. शेवटी राहिलेली गाठण्याच्या घाईत तिच्या आवाक्याबाहेरचा वेग धरते.

टप्पा १०: रोजची संध्याकाळ आणि परतल्यावर

मुक्कामाला पोहोचताच, अंघोळीच्या आधी, दहा मिनिटे गाडीला द्यावीत. चेन गरम असतानाच वंगण आत शिरते, म्हणून दर पाचशे किलोमीटरला आणि वाळू लागली असेल तर पुसून रोज, ते संध्याकाळीच लावावे. बॅगांचे हुक, आरसे आणि नंबरप्लेटचे बोल्ट हाताने हलवून पाहावेत. हातमोजे उलटे करून वाळत घालावेत.

पुण्यात पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी गोड्या पाण्याने धुवावी. खारी हवा आणि फेरीबोटीवर उडालेले पाणी यांमुळे तारा, नट आणि सायलेन्सरचा पत्रा आठवडाभरात गंजू लागतो. चेन वाळवून पुन्हा वंगण द्यावे, ढिलाई मोजावी. बॅग रिकामी करताना सहा दिवसांत एकदाही न वापरलेल्या वस्तू वेगळ्या काढून त्यांची यादी बॅगेच्याच कप्प्यात ठेवावी; माझ्या पहिल्या यादीत केस वाळवण्याचे यंत्र आणि तीन पुस्तके होती.